नखं आत ठेवून

पैज अशी लागली, की आठ दिवसांत मी रोह्याजवळच्या आमच्या वरसे गावातल्या समस्त पोटसुट्यांचं सकाळचं फिरणं बंद पाडायचं. कुणाला शिवी द्यायची नाय, कुणाला हात लावायचा नाय, फक्त घाबरवून घरात बसवायचं. आमच्या बिल्डिंगच्या खाली चहा पीत बसलो होतो. कालव्याच्या रस्त्यानं पांढरे बूट घालून हात हलवत जाणारी मंडळी परत येत होती, आणि मी त्यांची चाल करून दाखवत होतो. सगळे हसत होते, एकटा हर्षद हसत नव्हता. हर्षद तळमजल्यावर राहतो, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, जमिनींचे व्यवहार करतो. म्हणाला, "कान्हूशेठ, तुझ्या गमती आता जुन्या झाल्या. नकला काय कुणीपण करतो. वाघ आणून दाखव कालव्यावर, मग मानीन." मी म्हटलं, "आणला तर?" तो म्हणाला, "आणलास तर शिमग्याला अंगावर ठिपके काढून रोह्याच्या बाजारातून चार पायांवर जाईन. पण आठ दिवसांत एकानं जरी ओळखलं की ही तुझी करणी हाय, तर तू जायचंस." आमच्याकडं बिबट्यालापण वाघच म्हणतात, म्हणून ठिपके. टाळ्या पडल्या. मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि त्याच्या तळहातावर अशी थाप मारली की माझाच हात झिणझिणला. वाघाचं नाव आधी त्यानं काढलं, मी नाय. हे मला तेव्हा कळलं नाय. माणसाला कुणी 'तुला जमणार नाय' म्हटलं की त्याचे कान बंद होतात. दुसऱ्यांचे असे कान बंद करायचं काम मी उभा जन्म करत आलो, म्हणून ते आपल्यालापण कुणी करू शकतो हे डोक्यातच आलं नाय.

कामाला मी पेणला. मूर्तींच्या कारखान्यात तीस वर्षं. सगळे गणपती बघतात, पण आमच्याकडं नवरात्राच्या देव्यापण होतात, आणि देवीच्या खाली वाघ असतो. त्या वाघाच्या पुढच्या पायाचा साचा मी काढला, थोडा लहान केला, काथ्या घालून प्लॅस्टरचं पाऊल ओतलं, मागं बांबूचा दांडा बसवला. कारखान्यात सुशील म्हणून माझा जोडीदार हाय, तो म्हणाला, "हे काय रे, देवीला काठी लावलीस?" मी म्हटलं, "देवी पायी निघालीय." रोह्याच्या गाडीत पिशवी मांडीवर धरून बसलो, कासू गेलं, नागोठणं गेलं, आणि मला एकट्यालाच इतकं हसू येत होतं की समोरची बाई जागा बदलून बसली. त्या हसण्याची चव अजून आठवते. पोटातून वर येणारी, पहिल्या घोटासारखी. मला बाकी कसलं व्यसन नाय. कुणीतरी दचकतो, त्याचा चेहरा क्षणभर उघडा पडतो, त्याचं सगळं वय, पगार, रुबाब गळून पडतं आणि आतलं पोर दिसतं, ते बघायचं एवढंच.

पहाटेच्या आधी कालव्याच्या मऊ मातीत ठसे उमटवले. सहाला आरडाओरडा, सातला फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर. दहाला वनखात्याची वैशाली मॅडम आली. तिशीतली पोर, बूट धुळीनं भरलेले. ती उकिडवी बसली, दोन ठसे बघितले आणि उठली. "कुत्रा असेल मोठा. नाहीतर कुणाची तरी चेष्टा." हर्षदनं माझ्याकडं बघून डोळा मारला. त्या दिवशी निम्मे लोक घरात बसले, निम्मे काठ्या घेऊन फिरायला गेले. म्हणजे पैज मधेच लटकलेली.

त्याच दिवशी दुपारी गिरजाकाकीनं मला हाक मारली. काकीचं घर वरशाच्या पुढं, अगदी डोंगराच्या पायाशी. भात झालं की त्याच ओलीवर वाल पेरते, शेंगा आणि पाला रोह्याच्या बाजारात विकते. घरात ती आणि विधवा सून हौसा, आठ बकऱ्या. माझी आई आणि काकी एकाच माहेरच्या, एका पातेल्यात जेवलेल्या बाया, त्यामुळं मी तिच्या दारात परका नाय. ती वालाच्या शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, "कान्हू, वाघ कवापासून नखं बाहेर काडून चालाय लागला रं?"

मी गप्प. गप्प बसायची मला सवय नाय, त्यामुळं तेवढ्यानंच तिला समजलं.

"कुत्रा नखं टेकवतो. वाघरू नखं आत ठिवून चालतं. आणि चारी पाय एकच कसा रं? सगला उजवाच? मागचा पाय न्यारा असतो, बारीक असतो, आणि पुढल्याच्या ठशावरच पडतो." सोललेला दाणा तिनं सुपात टाकला. "पुरे कर खेल. ह्या डोंगराला ती हाय एक. म्हातारी झालीय माज्यावानी. डावा कान फाटलेला. बारा वरसं बघते मी तिला. वरसाला एक बकरी नेते, कवा कुत्रा नेते. मी शिव्या घालते, पर तिला माजा येल-वखत ठावा हाय, मला तिचा ठावा हाय. दिवेलागण झाली की मी व्हालाकडं पान्याला जात नाय, आणि उजाडलं की ती अंगणात येत नाय. लोकांच्या डोक्यात वाघ भरवू नको. पिंजरा आणतील."

"तुला माया हाय तिची," मी चेष्टेत म्हटलं.

"माया कसली मेल्या? ती काय माजी लेक हाय? माज्या बकऱ्या खाल्ल्यात तिनं. पर ती गेली तं जागा रिकामी ऱ्हाणार हाय का? दुसरं येईल. त्याला माजा येल कोन सांगल?" मग पहिल्यांदा वर बघितलं. "तूच सांग जाऊन लोकांना. मी सांगितलं तं म्हनतील, म्हातारीला भरम झाला. तुजं तू सांगितलंस तं हसून सोडतील."

मी म्हटलं, "उद्या सांगतो, काकी. शप्पथ."

खरं म्हणजे त्याच वेळी मी पैज हरलो होतो. एकानं ओळखलं तर हरलास, असं ठरलेलं. दुसरं कुणी ऐकलं नव्हतं एवढंच. उठून सरळ हर्षदकडं जायचं, 'हरलो बाबा' म्हणायचं, शिमग्याला ठिपके काढून घ्यायचे, लोक पोट धरून हसले असते आणि गोष्ट तिथं मिटली असती. मी तिथून उठलो तेव्हा सांगायचंच ठरवून उठलो होतो, असं मला वाटतं. पण चालता चालता माझ्या हातांनी काम सुरू केलं. हात म्हणजे मूर्तिकाराचे, त्यांना चूक दाखवली की त्यांना झोप लागत नाय. नखं काढायची. मागचा पाय बारीक. पुढल्याच्या ठशावर मागचा. असं बघ, तीस वर्षं मी देवीच्या वाघाला नखं लावतोय, मला कुणी सांगितलंच नव्हतं की खरा वाघ ती लपवून चालतो. दुसऱ्या दिवशी पेणला गेलो, कानस घेतली, नखं घासून टाकली, बोटं गोल केली, डावं-उजवं वेगळं ओतलं, मागच्या पायाचा वेगळा साचा काढला. सुशील म्हणाला, "आता खरं वाटतंय रे." मला तेव्हा जो आनंद झाला तसा पंचवीस फुटी मूर्तीचे डोळे उघडतानापण झाला नव्हता. काकीनं मायेनं सांगितलेलं एक एक अक्षर मी त्या प्लॅस्टरमध्ये घातलं.

माझं बालपण खाडीकाठचं, पेणच्या खाली, खारबंदिस्तीच्या गावात. समुद्राचं पाणी अडवायला मातीचा बांध, आत भातशेती. उधाणाच्या भरतीला बांधाला कुठं खांड पडली की ओरडायचं, 'बांध फुटला!' मग जो असेल तो धावायचा, जेवता माणूस, बाळंतीण, भांडलेले भाऊ, सगळे घमेली घेऊन चिखल टाकायला. मी नऊ वर्षांचा असताना कडक उन्हात, ओहोटीला, नुसतं बघायला म्हणून ओरडलो. अख्खा गाव धावला. माझी आई ओल्या केसांनी धावली. बांधावर येऊन सगळ्यांनी बघितलं, पाणी पार लांब, चिखलात खेकडे फिरतायत, आणि मी लोळून हसतोय. मला वाटलं मार पडणार. कुणी हात लावला नाय. आमच्या पोपटआजोबांनी घमेलं खाली ठेवलं, घाम पुसला आणि म्हणाले, "पोरा, उद्या परत आरडलास तरी आम्ही येनारच. आमाला दुसरा इलाज नाय." सगळे परत गेले. आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाय. मला वाटलं होतं की ते शब्द मी विसरलो. चौथ्या दिवशीच्या पहाटे दांडा घेऊन कालव्यावर उभा होतो तेव्हा ते आठवले. आठवले, आणि मी पाऊल दाबलं. आधी पुढचं, मग त्यावर मागचं. आठवण झाली म्हणजे माणूस थांबतो असं नाय.

या वेळी वैशाली मॅडम बराच वेळ उकिडवी बसली. वीत लावून बघितली, फोटो काढले. मग उठून तिनं डोंगराकडं बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. बायाबाप्ये जमले होते, हर्षद पुढं. "आता बोला मॅडम! कुत्रा का?" ती म्हणाली, "बिबट्या आहे. पण तो इथं आधीपासून आहे. काही केलं नाही त्यानं. पिंजऱ्याची घाई करू नका. आहे त्याला माणसांची सवय झालेली असते. तो नेला की पोरगेलं जनावर येतं, त्याला काही माहीत नसतं." कुणीतरी म्हणालं, "तुम्ही ऱ्हावा की इथं मुलंबाळं घेऊन." मी मागं उभा होतो. जे काकी बोलली तेच ही पोर बोलत होती, आणि दोघींना खोटं पाडलं ते मी. हर्षदनं अर्ज लिहिला. त्यात त्यानं असं लिहिलं की त्यानं स्वतः बिबट्या पाहिला, कालव्याच्या पुलावर, त्याच्या अंगावर धावून आला. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, हे काय? तुला माहीत हाय ना?" तो हसला. "पैज हाय ना? आठ दिवस तोंड उघडायचं नाय. का हरलो म्हणतोस?" मी म्हणालो नाय. ते तीन शब्द माझ्या जिभेवर होते, 'हो, हरलो मी,' आणि मी ते गिळले. कशासाठी? त्याला बाजारात चार पायांवर बघायचं होतं म्हणून. खरंच, एवढ्यासाठीच.

कालव्यावरचे पांढरे बूट बंद झाले, परवानगी आली, पिंजरा आला, काकीच्या वालाच्या शेताच्या कडेला लावला. सातव्या दिवशी सकाळी गर्दीचा आवाज आला तेव्हा मी दात घासत होतो. गेलो. पिंजऱ्यात ती होती. डावा कान फाटलेला. मला वाटलं होतं की वाघ म्हणजे काहीतरी मोठं, देवीखालचा. ही तर सडपातळ, पोटाला झोळ पडलेली, सुळे पिवळे, कपाळ गजांवर आपटून सोललेलं. लोक पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते आणि ती प्रत्येक फोटोला गुरगुरत नव्हती, नुसता श्वास सोडत होती, दमलेल्या बाईसारखा. तिचा पुढचा पाय गजातून बाहेर आलेला. मी त्या पायाकडंच बघत राहिलो. नखं बाहेर होती. आता त्या ठिकाणी आत ठेवून काय करायचं होतं? माझ्या मागं काकी उभी होती. माझ्याकडं बघून ती बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तोंडात मारली असती, तर मी काहीतरी विनोद करून सुटलो असतो. तिनं बघितलं आणि वळून घरात गेली. हौसा दारात होती, तिला म्हणाली, "बकऱ्या आत घे गो." भर सकाळी.

त्या आठवड्यात कारखान्याच्या टेम्पोतून माल घेऊन मी नागोठण्याकडं निघालो होतो. वाटेत गडब गावाला वडापावला थांबलो. हायवेला नवा बोर्ड लागला होता, 'डोंगराच्या कुशीत तुमचं हक्काचं घर', खाली वरशाचं नाव आणि हर्षदचा हसरा फोटो. मी म्हटलं, लेकाचा फोटोत पण डोळा मारतोय. दुकानाच्या मागच्या बाजूनं त्याचाच आवाज आला. कुणा गिऱ्हाईकाला समजावत होता. "आता बिनधास्त या. जनावर नेलं. दोन वर्षं त्या वाघापायी माझे प्लॉट अडकलेले, साहेब, खातं पुराव्याशिवाय पिंजराच लावत नव्हतं. शेवटी आमच्या बिल्डिंगमध्ये एक येडा हाय, मूर्तिकार. त्याला नुसतं म्हटलं, तुला जमणार नाय." आणि दोघं हसले. वडा माझ्या तोंडात होता. मी त्या हसण्याकडं कान लावून ऐकत राहिलो, कारण ते माझ्या ओळखीचं होतं. माझंच हसणं होतं ते, रोह्याच्या गाडीतलं. इतकी वर्षं मला वाटायचं की फसलेल्या माणसाचा चेहरा कसा दिसतो ते मला माहीत हाय. पण तो आतून कसा लागतो ते माहीत नव्हतं. मागचं सगळं एकेक करून बदलायला लागतं, ती टाळी, तो मारलेला डोळा, 'हरलो म्हणतोस?', सगळं तेच, पण उलटं करून घातलेल्या सदऱ्यासारखं, शिवणी बाहेर. मी पुढं जाऊन त्याची गचांडी धरायला हवी होती. पण धरून बोलू काय? मला फसवलंस? आणि मी काकीला फसवलं ते? माझ्याजवळ रागावायलापण जागा शिल्लक नव्हती. टेम्पोत बसलो.

सहा आठवड्यांत दुसरा आला. त्याला काही ठाऊक नव्हतं, ना वेळ, ना वाट, ना काकी. एका रात्रीत गोठ्यात शिरून तीन बकऱ्या मारून टाकल्या, खाल्ली एकपण नाय. चार दिवसांनी, दिवस मावळायच्या आत, हौसा व्हाळावर हंडा भरायला वाकली होती. वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटलं असेल. खांद्यापासून कोपरापर्यंत फाडलं. हंडा मारून तिनं त्याला हाकलला. मी हॉस्पिटलात गेलो. हौसा झोपलेली, काकी बाकड्यावर. मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं, नखं घासलेली, मागचा पाय, गडबचा बोर्ड. ती ऐकत होती का नव्हती कळलं नाय. शेवटी म्हणाली, "हर्षद सकाळी आला व्हता. दुसऱ्या पिंजऱ्याचा कागद घेऊन. मी आंगठा दिला."

"काकी, तूच तर म्हणालीस, एक नेला की दुसरा..."

"तवा नव्हता दिला. आता दिला. माजी सून पडलीय इथं." मग हळू आवाजात म्हणाली, "तू मला इचारायचं नाय आता. तू कायच इचारायचं नाय."

शिमग्याच्या दिवशी बाजारात हलगी वाजत होती. हर्षद उघडा, अंगाला पिवळा रंग फासून तयार. पैज हरण्यात त्याच्याएवढा खूष माणूस मी बघितला नाय. लोकांनी त्याला हार घातला होता, आणि बाजूला टेबलावर पिंजऱ्याचा अर्ज, सह्यांची रांग. वैशाली मॅडम अर्ज घ्यायला खुर्चीत बसलेली. काकी नेहमीच्या जागी वालाच्या शेंगा घेऊन, तिनं वर बघितलं नाय. "ये कान्हूशेठ! ठिपके तुझ्या हातचे पाहिजेत!" हर्षदनं पाठ पुढं केली. मी ब्रश काळ्या रंगात बुडवला. सदरा काढला. पहिला ठिपका माझ्या छातीवर काढला, दुसरा दंडावर, मग हात पोचतील तिथं. हलगी जोरात झाली. मी गुडघे टेकले, हात टेकले. डांबर तापलेलं. "हरलो मी!" मी ओरडलो. "दुसऱ्याच दिवशी हरलो होतो! काकीनं ओळखलं होतं! पावलं माझी होती, प्लॅस्टरची! ती वाघीण काही आली नव्हती खाली!"

बाजार फुटला हसून. "कान्हू आज फुल फॉर्मात!" "अरे, डरकाळी दे, डरकाळी!" मी चार पायांवर टेबलाकडं निघालो, आणि जितकं खरं बोलावं तितके लोक जास्त हसत होते. "हौसाला मी पाडलं!" हशा थोडा अडखळला, परत सुरू झाला. हर्षदपण हसत होता, पण त्याचे डोळे हसायचे थांबले होते. "चेष्टा पुरे रे," तो म्हणाला, "लेडीज हायत इथं." गुडघे सोलले होते. टेबलाशी पोचलो तेव्हा वैशाली मॅडम उभी राहिली होती. एकटी तीच हसत नव्हती. वाकून तिनं विचारलं, "काका, मागचं पाऊल कसं केलंत?"

"वेगळा साचा. पुढल्यापेक्षा दोन सूत अरुंद. टाच खालून घासली. आधी नखं होती, तुम्ही कुत्रा म्हणालात ते. मग नखं कानशीनं काढली आणि मागचं पुढल्यावर टाकलं."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं, कारण गडबला ते माझ्या आत येऊन गेलं होतं. हलगीवाल्यानं तिचं तोंड बघितलं आणि टिपरी थांबवली. मग हसणं एकेका दुकानावरून मागं मागं जात बंद झालं. तिनं अर्जाचा कागद उलटा केला, सह्यांचा, काकीच्या अंगठ्याचा, आणि कोऱ्या बाजूवर पेन ठेवलं. "लिहा. गुन्हा नोंद होईल, काका. नेली ती मादी आता परत येणार नाही, हेपण सांगते. आणि दुसऱ्याचं काय करायचं ते मलाही माहीत नाही. पण हे लिहा." मी गुडघ्यावरच लिहिलं. काळा रंग कागदाला लागत होता. हर्षदचं नाव लिहावं का, हात थांबला. लिहिलं. पण माझ्या नावाच्या खाली. सही केली आणि उठायला लागलो, तर शेंगांच्या पाटीमागून आवाज आला.

"काय लिवलं त्यानं? मला वाचाया येत नाय. मोठ्यानं वाच."

मी कागद उचलला. "मी, कान्हू, राहणार वरसे..."

"ऐकू येत नाय!" मागून कुणीतरी म्हणालं. चेष्टेत नाय.

मी सरळ उभा राहिलो आणि पहिल्यापासून परत वाचायला लागलो.